मुकुटाच्या आडोशाला

ब्रिटनच्या राजेशाहीवर वाद सुरू झाला की तो दोनच गोष्टींपाशी घोटाळत राहतो. एक खर्च, दुसरी भानगडी. मे २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, त्यावर सरकारी तिजोरीतून ७.२ कोटी पौंड गेले आणि महागाईने मेटाकुटीला आलेल्या देशात हे शोभतं का, यावर रकानेच्या रकाने भरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजाने सख्ख्या भावाच्या, अँड्र्यूच्या, उरल्यासुरल्या पदव्याही काढून घेण्याचं जाहीर केलं तेव्हा तोच वाद दुसऱ्या टोकाने पेटला. दोन्ही मुद्दे खोटे नाहीत. पण राजेशाही ठेवायची की नाही याचा निकाल त्यांच्यावर लावू नये. राष्ट्रप्रमुख कुठल्याच देशाला फुकट मिळत नाही, आणि वाईट निघालेला माणूस राष्ट्राध्यक्षाच्या घरातही असू शकतो.

ब्रिटनने राजेशाही सोडावी असं माझं स्पष्ट मत आहे, पण कारण वेगळं. त्या मुकुटाच्या आडोशाला अशी बरीच सत्ता बसून आहे, जिचा जाब कुणालाच नीट विचारता येत नाही. त्यातली थोडी राजघराणं स्वतःसाठी वापरतं. बरीचशी पंतप्रधान राजाच्या नावाने वापरतात. ‘राजा नामधारीच आहे, त्याचा कुणाला काय त्रास?’ हा प्रश्न भारतातले शिकलेसवरलेले लोकही विचारतात. त्रास नेमका त्या नामधारीपणात आहे.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. ब्रेक्झिटवरून संसद आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यात जुंपली होती. २८ ऑगस्टला मंत्री जेकब रीस-मॉग आणि सत्ताधारी पक्षाचे आणखी दोघे विमानाने स्कॉटलंडला बाल्मोरलच्या वाड्यात गेले. राणी एलिझाबेथ तिथे सुटीवर होती. प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाची, बैठक झाली. या बैठकीत बसायचं नसतं, सगळे उभे राहतात. आदेश एकेक करून वाचले जातात आणि राणी मंजुरी देते. त्या दिवशीच्या आदेशाने देशाची संसद सुमारे पाच आठवडे बंद ठेवण्याची सोय झाली, आणि तीही ब्रेक्झिटची मुदत तोंडावर आलेली असताना. राणी तेव्हा ९३ वर्षांची होती, गादीवर येऊन तिला ६७ वर्षं झाली होती. घटनेच्या बारीकसारीक खाचाखोचा तिच्याइतक्या जवळून पाहिलेलं माणूस त्या देशात दुसरं नव्हतं. तरी मंजुरी मिळाली, कारण पंतप्रधानांचा सल्ला नाकारायचा नाही हा तिथला संकेत.

पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. जीना मिलर नावाची एक नागरिक कोर्टात गेली. स्कॉटलंडमध्ये खासदार जोआना चेरी आणि त्यांचे सहकारी गेले. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हा सल्ला बेकायदा होता, म्हणून आदेशही बेकायदा. शाही प्रतिनिधी तो हुकूम घेऊन लॉर्ड्सच्या सभागृहात शिरले तेव्हा त्यांच्या हातात जणू कोरा कागदच होता, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालात आहे. दुसऱ्या दिवशी संसद पुन्हा भरली.

राजेशाहीचे पाठीराखे वर्षानुवर्षं सांगत आलेत की राजा हा राज्यघटनेचा राखणदार आहे. एखादा पंतप्रधान डोक्यावर बसू लागला तर कुणीतरी पक्षातीत माणूस वर हवा. पण तो प्रसंग जेव्हा खरोखर आला, तेव्हा राखणदारी एका नागरिकाला आणि न्यायाधीशांना करावी लागली. याबद्दल मी राणीला दोष देत नाही. तिने नकार दिला असता तर ‘न निवडलेली बाई निवडून आलेल्या सरकारच्या आड आली’ म्हणून गहजब झाला असता, आणि तो रास्तच ठरला असता. खोट पदातच आहे. वंशपरंपरेने आलेल्या माणसाने ‘नाही’ म्हटलं तर लोकशाहीचा अवमान, ‘हो’ म्हटलं तर तो शिक्का. हा पेच कितीही शहाणा राजा बसवला तरी सुटणार नाही.

‘नाही’ म्हटल्यावर काय होतं तेही एकदा दिसलं आहे. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियात राणीचे प्रतिनिधी, गव्हर्नर-जनरल सर जॉन कर यांनी गॉफ व्हिटलम या पंतप्रधानांना बडतर्फ केलं. कनिष्ठ सभागृहात व्हिटलम यांचं बहुमत होतं. त्या काळात कर आणि राजवाडा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो ‘खासगी’ म्हणून दडवून ठेवला गेला. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी थेट ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयापर्यंत लढा दिला, तेव्हा कुठे २०२० साली ती पत्रं लोकांना वाचायला मिळाली. आपलं सरकार कसं गेलं, हे वाचायला एका लोकशाही देशातल्या नागरिकांना ४५ वर्षं थांबावं लागलं.

आता या आडोशाचा रोजचा वापर पाहू, कारण असे मोठे प्रसंग क्वचित येतात. राजघराण्याच्या हक्कांना किंवा मालमत्तेला हात लावणारं विधेयक असेल तर संसदेने ते पुढे नेण्याआधी राजाची पूर्वसंमती घ्यावी लागते. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्यावर जी सही लागते, ती वेगळी. ही आधीची. बहुतेक ब्रिटिश नागरिकांना असं काही असतं याचा पत्ताच नव्हता. २०२१ मध्ये ‘गार्डियन’ने कागदपत्रं खणून काढली तेव्हा कळलं की एलिझाबेथच्या कारकिर्दीत हजाराहून अधिक कायदे या चाळणीतून गेले होते. १९७३ मध्ये कंपन्यांच्या भागधारकांची नावं उघड करण्याचा एक कायदा घाटत होता. राणीची खासगी गुंतवणूक उघड होऊ नये म्हणून तिच्या वकिलाने सरकारकडे शब्द टाकला होता, हेही त्या कागदांतून पुढे आलं. विधेयक सभागृहात येण्याआधीच मसुद्यावर बोलण्याची ही संधी तिथल्या कुठल्याही सामान्य भागधारकाला नाही.

आणि ही पूर्वसंमती सरकारच्या हातातलं हत्यारही होते. १९९९ मध्ये सत्ताधारी मजूर पक्षाचेच खासदार टॅम डॅलिएल यांनी एक विधेयक आणलं होतं. इराकवर लष्करी कारवाई करायची तर आधी संसदेची परवानगी घ्या, एवढंच त्यात म्हटलं होतं. युद्धाचा अधिकार कागदोपत्री राणीचा, म्हणून पूर्वसंमती हवी. मंत्र्यांनी राणीला सल्ला दिला, संमती देऊ नका. ती मिळाली नाही आणि विधेयक चर्चेविनाच मेलं. युद्धाचा अधिकार संसदेकडे असावा की पंतप्रधानाकडे, या प्रश्नावर खासदारांना साधी चर्चा करता आली नाही, आणि नाव झालं राणीचं. चारच वर्षांनी इराकमध्ये काय घडलं ते जगाने पाहिलं. २००३ च्या त्या युद्धाआधी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेत मतदान घेतलं खरं, पण ते त्यांनी घ्यायचं ठरवलं म्हणून. कायद्याने ते बांधलेले नव्हते, आणि आजचा पंतप्रधानही नाही.

माहितीच्या अधिकाराची गोष्ट अशीच. चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना पत्रं लिहून धोरणांवर मतं मांडायचे. ती पत्रं मिळवायला रॉब इव्हान्स या पत्रकाराला दहा वर्षं कोर्टकचेरी करावी लागली. २०१५ मध्ये ती उघड झाली. पण हा निकाल लागण्यापूर्वीच, २०१० मध्ये, कायदा बदलून राजा आणि युवराज यांच्याशी झालेला पत्रव्यवहार माहिती अधिकारातून पूर्णपणे वगळला गेला होता. म्हणजे आज युवराज विल्यम मंत्र्यांना काय लिहितात, हे त्या वाटेने कुणाला कळू शकत नाही. मृत्युपत्रांचंही तेच. ब्रिटनमध्ये कुणाही नागरिकाचं मृत्युपत्र प्रमाणित झालं की ते सार्वजनिक दस्तऐवज होतं. राजघराण्यातल्या ज्येष्ठांची मृत्युपत्रं शंभरेक वर्षांपासून मोहोरबंद होतात. प्रिन्स फिलिप यांचं ९० वर्षांसाठी बंद झालं, आणि त्याची सुनावणीही बंद दाराआड झाली. राजाकडून राजाकडे जाणाऱ्या संपत्तीवर वारसा कर नाही. १९९३ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार. सामान्य कुटुंबाला ठरावीक मर्यादेच्या वर तोच कर ४० टक्के पडतो.

लँकेशायरचं उदाहरण तर मला सगळ्यात बोचतं. तिथे एखादी व्यक्ती मृत्युपत्र न करता आणि कुणी वारस न ठेवता वारली, तर तिची पुंजी कुणाकडे जाते? कॉर्नवॉल सोडलं तर बाकीच्या इंग्लंडमध्ये ती सरकारजमा होते. लँकेशायरमध्ये मात्र ती डची ऑफ लँकेस्टरकडे जाते, म्हणजे राजाला उत्पन्न देणाऱ्या जहागिरीकडे. कोळशाच्या खाणीत किंवा कापडगिरणीत आयुष्य काढलेल्या, मागे कुणी नसलेल्या माणसाची बँकेतली शिल्लक आणि घर. या पैशांतून धर्मादाय संस्थांना देणग्या जातात असं डची सांगते. जातातही. पण २०२३ मध्ये ‘गार्डियन’नेच दाखवून दिलं की त्यातला काही भाग डचीच्या, भाड्याने दिलेल्या मिळकतींची डागडुजी करण्यात खर्च होत होता. रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकापुढे किरकोळ असेल. पण चौदाव्या शतकातल्या सरंजामी हक्काने आज कुणाची तरी आयुष्यभराची बचत हलते आहे, आणि तिथला मतदार त्यात काही बदलू शकत नाही.

पर्यटनाचा मुद्दा एका वाक्यात संपतो: व्हर्सायला राजा नाही आणि गर्दी कमी नाही.

यापेक्षा धर्माचा मुद्दा महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता. साधारण सहा महिन्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेकाच्या वेळी त्यांनी बायबलमधला उतारा वाचला. त्या देशाच्या मोकळेपणाचं ते दृश्य होतं आणि मला ते आवडलं. पण त्याच समारंभात राजाने प्रॉटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घेतली. १७०१ च्या वारसा कायद्यानुसार गादीवरचा माणूस चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेलाच असावा लागतो. २०१३ मध्ये मुलगा-मुलगी भेद गेला, कॅथलिक जोडीदाराशी लग्नाची मुभाही मिळाली, पण गादी कॅथलिकाला आजही बंद आहे. हिंदू, मुसलमान, ज्यू, निरीश्वरवादी यांचा तर प्रश्नच येत नाही.

लंडन, स्लाऊ, लेस्टर, मिल्टन कीन्समध्ये आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. पुण्या-ठाण्याहून गेलेलं जोडपं तिथे वर्षानुवर्षं नोकरी करतं, कर भरतं, भाषेची आणि नागरिकत्वाची परीक्षा देतं. मग एका सकाळी कौन्सिलच्या सभागृहात चांगले कपडे करून जातं. समोर राजाची तसबीर असते, आणि ‘राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वंशज आणि वारस’ यांच्याशी एकनिष्ठ राहीन असं म्हणायचं. देवाला स्मरून म्हणा की देवाचं नाव न घेता म्हणा, राजाचं नाव चुकत नाही. मग राष्ट्रगीत, मग प्रमाणपत्र, मग फोटो. लोकशाही आणि कायदा पाळण्याचं वचनही त्यात आहे, पण पहिला मान घराण्याचा, अजून न जन्मलेल्या वारसांसकट. या जोडप्याची तिथे जन्मलेली मुलगी उद्या पंतप्रधान होऊ शकेल. राष्ट्रप्रमुख मात्र कधीच नाही.

शेजारच्या आयर्लंडकडे बघा. तिथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याच देशात राष्ट्राध्यक्षपदही पस्तीस वर्षं पूर्ण केलेल्या कुणाही नागरिकाला खुलं आहे. सात वर्षांची मुदत, थेट लोकांची निवड, आणि जास्तीत जास्त दोन वेळा. कारभार पंतप्रधानच चालवतात, अध्यक्ष बहुतांशी समारंभाचे. ‘राजा घालवला तर एखादा बोरिस जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होऊन बसेल’ ही भीती ब्रिटनमध्ये सतत घातली जाते, तिला आयर्लंड हे उत्तर आहे. मेरी रॉबिन्सन या मानवी हक्कांच्या वकील १९९० मध्ये निवडून आल्या. मायकेल डी. हिगिन्स हे कवी २०११ पासून चौदा वर्षं त्या पदावर होते. राजकारणाने पार बरबटलेलं माणूस लोकांनी तिथे बसवलं असं झालेलं नाही.

आणि अशा अध्यक्षाला कणा असतो का? १९७६ मध्ये आयर्लंडच्या सरकारने आणीबाणीच्या अधिकारांचं विधेयक आणलं. अध्यक्ष केरवल ओ’डाली यांनी सही करण्याआधी ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलं. तसा अधिकार घटनेने त्यांना दिला होता. संरक्षणमंत्र्यांनी जवानांसमोर त्यांचा जाहीर अपमान केला. मंत्र्यांनी देऊ केलेला राजीनामा पंतप्रधानांनी स्वीकारला नाही, तेव्हा पदाची प्रतिष्ठा राखण्यासाठी अध्यक्षांनी स्वतः राजीनामा दिला. न्यायालयाने विधेयक वैध ठरवलं होतं, म्हणजे अध्यक्ष जिंकले असंही नाही. पण आपल्या सहीचा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो अधिकार घटनेत लिहिलेला होता म्हणून ते तो वापरू शकले.

आपल्या राष्ट्रपतींचं उदाहरण सगळंच अभिमानाचं नाही. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली ती बाल्मोरलच्या मंजुरीपेक्षा कितीतरी भयंकर होती. पण १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. केरळमधल्या गरीब दलित घरातून आलेला माणूस हे करू शकला, कारण घटनेत लिहिलं होतं की शिफारस एकदा परत पाठवता येते. लिहिलेलं असणं, हा फरक. ब्रिटनमध्ये राजाने काय करावं हे संकेतावर चालतं, आणि संकेत म्हणजे त्या वेळी पंतप्रधान ज्याला संकेत म्हणतील ते.

राजेशाहीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला वेगळाच वाटतो. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स, जपान हे राजे असलेले देश जगातल्या उत्तम लोकशाह्यांत गणले जातात. हे खरं आहे आणि ते झटकून टाकता येत नाही. पण तपशिलात शिरलं की चित्र बदलतं. स्वीडनने १९७४ च्या घटनेत राजाकडून पंतप्रधान नेमण्याचा आणि कायद्यांवर सही करण्याचा अधिकार काढून घेतला. पंतप्रधानाचं नाव तिथे संसदेचे सभापती सुचवतात. नॉर्वेत १९०५ मध्ये डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला गादी देऊ केली, तेव्हा त्याने अट घातली की आधी लोकांना विचारा. सार्वमत झालं, बहुसंख्य लोकांनी होकार दिला, मग तो सातवा हाकोन म्हणून गादीवर बसला. १९४० मध्ये नाझींनी त्यांच्या बाजूच्या क्विसलिंग या नॉर्वेजियन नेत्याला पंतप्रधान नेमण्याचा हट्ट धरला, तेव्हा हाच हाकोन म्हणाला की सरकारला हे मान्य करायचं असेल तर मी पद सोडतो. पस्तीस वर्षांपूर्वी मिळालेल्या मतांचं बळ त्याच्या मागे होतं.

ब्रिटिश लोकांना हे आजवर कधीही विचारलेलं नाही. १९७५ मध्ये युरोपीय बाजारपेठेवर, २०११ मध्ये मतदान पद्धतीवर, २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर आणि २०१६ मध्ये ब्रेक्झिटवर सार्वमत झालं. इटलीने १९४६ मध्ये आणि ग्रीसने १९७४ मध्ये मतपेटीतून राजेशाहीला निरोप दिला. स्पेनने १९७८ मध्ये घटनेसोबत ती मतपेटीतूनच स्वीकारली. ब्रिटनमध्ये हा प्रश्न विचारणाऱ्यांचं काय होतं ते राज्याभिषेकाच्या दिवशी दिसलं. प्रजासत्ताकवादी संघटनेचे प्रमुख ग्रॅहम स्मिथ फलक उतरवत असताना त्यांना सकाळीच पकडून सुमारे सोळा तास कोठडीत ठेवलं. ज्या कायद्याखाली पकडलं त्याला राजाची संमती मिळून चार दिवस झाले होते. गुन्हा दाखल झाला नाही, पोलिसांनी नंतर खेदही व्यक्त केला, पण तोवर मिरवणूक पार पडली होती.

पाहण्यांमध्ये राजेशाहीला अजून बहुमत आहे, हे मान्य. तरुणांत ते बरंच पातळ आहे. सार्वमत झालं तर राजेशाही जिंकेलही. तसं झालं तरी आजच्यापेक्षा ती सुधारलेली असेल, कारण राजाला निदान हाकोनसारखी एक परवानगी मिळालेली असेल.

राजेशाही गेली की घराण्यावरचं प्रेम संपतं असं कुणी सांगितलं तर त्याला कोल्हापुरात आणून दाखवावं. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, तनखे १९७१ मध्ये गेले. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याला मिळणारा मान आजही तसाच आहे, कारण तो राजर्षी शाहूंनी कमावलेला आहे. पण घराण्याच्या आजच्या शाहू छत्रपतींना लोकसभेत जायचं होतं तेव्हा २०२४ मध्ये त्यांनी प्रचार केला, मतं मागितली आणि ते निवडून आले. सातारच्या गादीचे उदयनराजे २०१९ च्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले. साताऱ्याच्या मतदारांनी गादीचा मान ठेवला आणि मत दुसऱ्याला दिलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येतात हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. विंडसर घराण्याबद्दल ज्यांना जिव्हाळा आहे त्यांना तो खुशाल राहू द्यावा. चार्ल्स यांनी सेंद्रिय शेतीचा आग्रह लोक हसत होते तेव्हापासून धरला, ते काम मुकुटाशिवायही मोलाचं आहे.

घाई करू नये, हेही मी म्हणेन. उद्या सार्वमत घेतलं तर राजा जाईल आणि त्याचे सगळे अलिखित अधिकार पंतप्रधानाच्या खिशात जातील, हे सर्वांत वाईट. आधी ते अधिकार कागदावर यायला हवेत: युद्ध, तह, संसद स्थगित करणं, पंतप्रधान नेमणं. कुठला निर्णय संसदेच्या मताशिवाय घेता येणार नाही, हे कायद्यात हवं. मग माहिती अधिकारातली सूट जावी, राजाची लँकेस्टर आणि युवराजाची कॉर्नवॉल या दोन्ही डच्या सरकारी मालमत्तेत याव्यात. त्यानंतर राष्ट्रप्रमुखाचा प्रश्न लोकांपुढे ठेवावा, आणि तो पुढच्या राज्यारोहणाच्या गडबडीत नव्हे, तर त्याच्या आधी. एलिझाबेथ वारली त्याच क्षणी चार्ल्स राजा झाले होते. मध्ये विचार करायला फट नव्हती, आणि ती नसावी अशीच ती व्यवस्था आहे.

सुरुवात मात्र याच अधिवेशनात करता येईल. विधेयकांवरची राजाची पूर्वसंमती ही कुठल्याही कायद्याने लादलेली नाही, ती संसदेच्या स्वतःच्या कामकाजाची रीत आहे. ती बंद करायला कायदा लागत नाही, राजाला विनंती आणि दोन्ही सभागृहांत साधा ठराव पुरतो, हे कॉमन्सच्या समितीनेच २०१४ मध्ये सांगून ठेवलं आहे. राजावर मनापासून प्रेम करणाऱ्या खासदारालाही या ठरावाच्या बाजूने हात वर करायला काही अडचण नसावी.